‘किती पडले?’ विचारण्याआधी

पालकसभेत गणिताच्या मास्तरासमोरची रांग सगळ्यात लांब असते आणि तिच्यातला प्रश्नही ठरलेला असतो : ‘सर, पोरगं गणितात कच्चं आहे. कोणता क्लास लावू?’ मी आधी धुळे जिल्ह्यात आणि नंतर जळगाव जिल्ह्यात गणित शिकवलं. साक्रीकडचे कांदा-बाजरीवाले पालक पाहिले, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले पाहिले, जळगाव शहरातले नोकरदारही पाहिले. या सगळ्यांना मी उलट एकच विचारत आलो : ‘घरी तुम्ही लेकराशी गणिताबद्दल काय बोलता?’ उत्तर बहुतेक वेळा एवढंच : ‘अभ्यास कर म्हणतो.’

खरं तर खानदेशातलं घर हिशेबाशिवाय एक दिवस चालत नाही. कापसाची वेचणी, केळीची कटाई, बाजार समितीची पट्टी, बचत गटाचा हप्ता, लग्नातल्या आहेराची वही. आकडे घरभर असतात, पण ते मोठ्यांच्या आपसांत फिरतात. मुलाच्या वाट्याला तीनच प्रश्न येतात : झाला का अभ्यास, किती पडले, पहिला कोण आला. ज्या घरात हिशेब मुलाच्या तोंडी येतो आणि मोठे तो ऐकून घेतात, त्या घरातलं मूल गणिताला भीत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आईबाप किती शिकले आहेत, याने त्यात आपल्याला वाटतो तेवढा फरक पडत नाही. या पाहण्यातून जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो.

१. ‘आमच्या घराण्यातच गणित नाही’ हे मुलासमोर बोलू नये

हे वाक्य पालक हसत हसत म्हणतात. ‘मी पण दहावीला गणितातच लटकलो होतो सर, त्याचा काय दोष!’ मूल शेजारीच उभं असतं. बापाला वाटतं, आपण त्याची बाजू घेतली. मुलाला मात्र त्यातून सुट्टी मिळते. जे घराण्यातच नाही, त्यासाठी घासायचं कशाला?

चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तो साधारण इ.स. १२०७ चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. लेखात या घराण्याच्या कितीतरी पिढ्यांची नावं आहेत. भास्कराचार्य स्वतः वडिलांकडे, महेश्वरांकडे शिकले. घराण्यात गणित असणं ते हेच, असं कुणालाही वाटेल. पण गणित रक्तातून उतरत असतं, तर नातवाला मठ कशाला काढावा लागला असता? बाप लेकाला घेऊन बसला, म्हणून विद्या घरात राहिली. घराबाहेरच्यांनाही शिकवली, म्हणून ती पुढे गेली.

२. उत्तराआधी रीत विचारावी

साक्री तालुक्यातल्या एका घरी ओट्यावर बसलो होतो. तिसरीतला मुलगा वजाबाकी करत होता, आई शेंगा फोडत होती. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. मुलाने ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहिलं. माझ्या तोंडात ‘चूक’ येणार, एवढ्यात आई अहिराणीत म्हणाली, ‘कसं काढं, सांग बरं.’

मुलाने सांगितलं, ‘सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन. पस्तीस.’

आईने चूक म्हटलं नाही की बरोबरही म्हटलं नाही. ‘बेचाळीस रुपया शेतस तुनाजोडे. सतरानं तेल लिनं. मंग पस्तीस कशा ऱ्हातीन?’

मुलगा थांबला. सतरा ते वीस तीन, वीस ते बेचाळीस बावीस, असं पुटपुटला आणि म्हणाला, ‘पंचवीस.’ मग स्वतःच वहीकडे पाहत राहिला. दोनातून सात जात नाहीत आणि आपण सातातून दोन काढले, हे त्याचं त्यालाच दिसलं. हातचा घेऊन त्याने पुन्हा मांडलं.

मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळं होण्याची ही चूक सगळीकडे सापडते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत गावोगावच्या मुलांना वाचायला देतात तशी हातच्याची दोन अंकी वजाबाकीही घालतात, ती उगाच नव्हे. आईने ‘पंचवीस लिही’ म्हटलं असतं, तर पोराने खोडून पंचवीस लिहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ५३ वजा २८ चं उत्तर पुन्हा पस्तीसच आणलं असतं.

एक पथ्य मात्र पाळावं. उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस’ विचारावं. नाहीतर मूल चटकन ओळखतं, की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं. मग ते रीत सांगत नाही, आपला चेहरा वाचत बसतं.

३. घरच्या हिशेबात मुलाला खरं काम द्यावं

रावेर तालुक्यातल्या एका घरात केळीच्या रोपांची मागणी नोंदवायची होती. एक एकर, पाच बाय पाच फुटांवर लागवड. बापाने आठवीतल्या मुलीला विचारलं, ‘किती रोपं लागतील, काढ.’ तिने व्यवस्थित मांडलं. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. तेहतीस फुटांत पाच-पाच फुटांची सहा अंतरं. सहा गुणिले सहा, छत्तीस रोपं. चाळीस गुंठ्यांची १,४४०.

बाप म्हणाला, ‘मी तर दरवर्षी साडेसतराशे मागवतो.’

इथे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘तुमचं पुस्तकातलं शेतात चालत नाही’ म्हणून बाप विषय संपवतो, नाहीतर ‘बापाला कुठे शिकवते’ म्हणून आई. या बापाने विचारलं, ‘मग माझी तीनशे खोडं कुठे उभी राहतात, तेवढं सांग.’

मुलगी दोन दिवस त्यातच होती. वर्गात मला विचारलं. मी तिला उत्तर दिलं नाही; शेतात दोरी लावून बघ म्हणालो. दोरी लावल्यावर तिला कळलं. प्रत्येक गुंठ्यात सहा अंतरांनंतर तीन फूट उरतात आणि कागदावर ते वाया जातात. शेतात मात्र गुंठ्यागुंठ्यामध्ये भिंती नसतात. एका गुंठ्याचे उरलेले तीन फूट पुढच्या गुंठ्याच्या जमिनीला जोडून पुढचं खोड उभं राहतं. एकराचे ४३,५६० चौरस फूट, एका खोडाला पंचवीस. भागाकार १,७४२. वरची आठ नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला.

त्या मुलीला क्षेत्रफळ मी शिकवलं होतं. त्याची गरज तिला बापाने दाखवली. तिने काढलेला आकडा खरोखर मागणीच्या कागदावर जाणार होता, हे यातलं महत्त्वाचं. ‘समज, तुझ्याकडे शंभर आंबे आहेत’ या प्रश्नाला मूल जेवढ्यास तेवढं उत्तर देतं. घरचा पैसा खर्ची पडणार असेल तर तेच मूल दोनदा ताळा करतं. बाजार समितीची पट्टी घरी आली की हमाली, तोलाई वजा जाता हातात किती, हे मुलाने तपासावं. चूक सापडली तर त्याच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन करावा.

४. तोंडी हिशेब कागदावर उतरवून घ्यावा

धुळ्याच्या भाजीबाजारात आईबरोबर बसणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. साठ रुपये किलोची मिरची पाऊण किलो घेतली की ‘पंचेचाळीस’ हे त्याचं उत्तर गिऱ्हाईक पिशवी पुढे करेपर्यंत तयार. फळ्यावर ‘६० चे तीन चतुर्थांश’ लिहिलं की तो खाली मान घालायचा. अशी मुलं आपल्याकडे ढिगाने आहेत. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास मांडला, त्यातही हेच. बाजारातला गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या उदाहरणाशी अडतात. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना उलट बाजारचा हिशेब जड जातो. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही.

एकीकडून दुसरीकडे जायची ही वाट घरात बांधता येते. त्या मुलाच्या आईला मी एवढंच सांगितलं, की रात्री गल्ला मोजताना त्याला एका गिऱ्हाइकाचा हिशेब लिहून दाखवायला सांगा. पहिल्या रात्री त्याने लिहिलं : अर्धा किलोचे तीस, पावाचे पंधरा, मिळून पंचेचाळीस. अपूर्णांकांची बेरीज ती हीच, हे दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात दाखवायला मला पाच मिनिटं पुरली. फळ्यावर त्याचीच मिरची होती.

आजोबांची पिढी घरात असेल तर सोन्याहून पिवळं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्यांना अजून मुखपाठ असतात. नातवाने आजोबांना ‘साठ पाऊणे किती’ विचारावं आणि आजोबांनी नातवाला ‘कागदावर करून दाखव’ म्हणावं. पाटणादेवीच्या त्या शिलालेखातही मठाच्या नोंदीबरोबर तिथल्या बाजारातल्या करापैकी मठाला काय द्यायचं, तेही जुन्या मराठीत कोरलेलं आहे. ग्रंथ आणि बाजार तेव्हा एका दगडावर मावत होते.

५. रीत घरच्या बोलीत सांगू द्यावी

धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, शिरपूरच्या सातपुड्यालगत पावरी. शाळेतलं मराठी वेगळं, आणि आता तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमही आलं. घरी बोली बोललं की ‘नीट बोल’ म्हणून पोराला दटावतात. मग गणिताची रीत सांगताना मूल अर्धा जीव शब्द नीट लावण्यात घालतं आणि उरलेला अर्धा गणितात. ‘तुला येईल तसं सांग’ म्हटलं, की तेच मूल घडाघडा बोलतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आया म्हणतात, ‘मला इंग्लिश वाचता येत नाही सर, मी काय सांगणार?’ काहीच सांगू नका. त्याला म्हणा, उदाहरण मला आपल्या भाषेत सांग. पेरिमीटर काढायचा म्हणजे शेताला तारेचं कुंपण घालायला किती तार लागेल, एवढं मुलाला आईला सांगता आलं तर उदाहरण समजलं. सांगता आलं नाही, तर ते गुणाकारात अडलेलं नाही, वाचण्यात अडलेलं आहे. नेमकं काय शिकवायचं, हे मास्तराला यातून कळतं.

६. मुलीला हिशेबाच्या बाहेर ठेवू नये

पट्टी मुलाला वाचायला देतात, पाणी मुलीला आणायला सांगतात. दहावीला मुलीला गणितात चांगले गुण पडले तरी ‘तिला कुठे इंजिनियर करायचंय’ असं घरात बोललं जातं, आणि अकरावीला ती गणित सोडून येते. अशा किती मुलींच्या प्रवेशाचे अर्ज माझ्या हाताखालून गेले.

आपल्याच भागात ज्यांचे ग्रंथ शिकवायला मठ होता, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या गणिताच्या ग्रंथाचं नाव ‘लीलावती’. ती त्यांची मुलगी होती की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. तिच्या लग्नाचा मुहूर्त टळल्याची गोष्ट पुढे फारसी भाषांतराबरोबर पसरली. पण ग्रंथात जागोजागी समोरच्या मुलीला हाक मारून गणित घातलेलं आहे, याबद्दल वाद नाही.

त्यातलं भुंग्यांचं उदाहरण मी नववीत घालत असे. थव्यातले एक पंचमांश भुंगे एका झाडावर, एक तृतीयांश दुसऱ्यावर, त्या दोन वाट्यांमधल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक मधेच घिरट्या घालतोय. थवा केवढा? एका मुलीने ते घरी आईला घातलं. आई बचत गटाची सचिव. तिने ‘क्ष’ धरला नाही. ‘पाचाने आणि तिनाने भाग जाणारा आकडा असणार,’ म्हणाली, आणि पंधरा धरून बघितले : तीन, पाच, सहा आणि एक. जमलं. मुलीने समीकरणाने पंधराच आणले. मग आईने वही उघडून तिचं उदाहरण घातलं : पाच हजारांचं कर्ज, महिना शेकडा दोन, पाचशेची फेड, दुसऱ्या महिन्याचं व्याज शंभर की नव्वद? त्यापुढे गटाची वही आईच्या जोडीने मुलगी लिहू लागली. सरळव्याज आणि शिल्लक रकमेवरचं व्याज यातला फरक मला तिला शिकवावा लागला नाही.

७. तापलेल्या डोक्याने शिकवायला बसू नये

संध्याकाळी बाप दमून येतो, मुलाची वही ओढतो, दुसऱ्या मिनिटाला आवाज चढतो आणि चौथ्या मिनिटाला ‘डोक्यात काय भुसा भरलाय का?’ त्यानंतर जे होतं, ते गणित नव्हे. मूल उत्तर शोधायचं सोडून बापाचा हात कुठे आहे, ते बघत राहतं.

२०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांनी गृहपाठात वरचेवर मदत केली, तर त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्तीही वाढली. असेच पालक फारशी मदत करत नव्हते, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे धास्तावलेली मदत न केलेलीच बरी. ज्या पालकाचा पारा चढतो, त्यानेही उदाहरण सोडवून द्यायला बसूच नये. ‘आज कोणतं उदाहरण आवडलं, कुठे अडलं?’ एवढं विचारून ऐकून घ्यावं.

आणि पेन्सिल मुलाच्या हातात राहू द्यावी. मूल थांबलं की ती हिसकावून आपणच मांडणी करून टाकायची, हे शिकलेल्या पालकांचं खास दुखणं आहे. मूल थांबतं ते बहुतेक वेळा विचार करत असतं.

८. पुस्तकाची टिंगल घरात करू नये

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत आली, तेव्हा घराघरांत आणि फोनवर केवढी चेष्टा झाली, ती आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटसुलट संख्यानावं लहान मुलांना जड जातात, हा त्यामागचा विचार होता. तो पटो न पटो, मुद्दा वेगळा आहे. सात वर्षांच्या मुलासमोर त्याच्या पुस्तकाला हसलं, की ते पुस्तकही जातं आणि वर्गातल्या बाईंचा शब्दही जातो. ‘आमच्या वेळी भागाकार असा नव्हता’ याचंही तसंच. आपली रीत जरूर दाखवावी, पण आधी त्याची बघून घ्यावी, आणि मग विचारावं : ‘दोन्हींचं उत्तर एकच कसं आलं?’ त्या प्रश्नावर मी तास तास चाललेले पाहिले आहेत.

९. गणित कुठे लागतं, ते आपल्या तोंडाने सांगावं

‘याचा पुढे उपयोग काय?’ हे मूल आठवी-नववीत विचारतं. मास्तराच्या उत्तरावर त्याचा विश्वास नसतो; मास्तर गणिताचाच. घरच्या माणसाचं उत्तर चालतं. जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घ्यायला गेलात, तर शिक्क्यावरचा ९१६ मुलाला दाखवा. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसात बावीस. भागून बघ म्हणा, ०.९१६६… येतं. मग पाच ग्रॅमच्या अंगठीत शुद्ध सोनं किती? ४.५८ ग्रॅम. गुणोत्तराचा धडा दुकानातच होतो. ठिबकचं काम करणारा बाप ताशी लिटर सांगू शकतो, गवंडी काटकोन साधायला तीन-चार-पाचची दोरी कशी धरतो, ते दाखवू शकतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मुलांना हातच लावला नाही. फक्त पालकांना दोन माहितीपत्रकं पाठवली आणि एक संकेतस्थळ दाखवलं : गणित-विज्ञान मुलाच्या आयुष्यात कुठे लागतं आणि ते त्याच्याशी कसं बोलावं. त्या घरांतल्या मुलांनी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत गणित-विज्ञानाचे विषय इतरांपेक्षा जास्त घेतले. बोलण्याचं वजन एवढं असतं.

१०. दूर असलेल्या बापाने फोनवर एक उदाहरण घालावं

धुळे-जळगावातली कितीतरी माणसं सुरतेला यंत्रमागावर आणि साडीच्या कामाला आहेत. रात्री फोन येतो. ‘अभ्यास करतो ना?’ ‘हो.’ ‘आईला दे.’ संपलं. एका बापाने मात्र आपलाच पगार मुलाला उदाहरण म्हणून घातला : साडेपाचशे रोज, तीस दिवसांच्या महिन्यात चार सुट्ट्या, खोलीभाडं अडीच हजार, खानावळ तीन हजार; घरी किती पाठवीन? मुलगा सहावीत. सव्वीस गुणिले साडेपाचशे, चौदा हजार तीनशे. त्यातून साडेपाच हजार गेले, आठ हजार आठशे. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, ‘पप्पा, दोन सुट्ट्या कमी घेतल्या तर अकराशे वाढतात, मग का घेता?’ बाप म्हणाला, ‘मग गावाला कधी येऊ?’ पैशाचं बोलणं मुलांपासून लपवायची आपली रीत आहे. मर्यादेत बोललं, तर मुलाला आकडेही कळतात आणि बापही.

११. शाबासकी कष्टाला द्यावी, आणि मार्कांची घाई करू नये

‘आमचा सोन्या हुशारच आहे’ असं सतत ऐकणारं मूल अवघड उदाहरणाला हात लावत नाही. चुकलं तर हुशारी जाईल ना! मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेले प्रयोग हेच सांगतात : हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, कष्टाचं कौतुक झालेली टिकून राहिली. ‘दोन वेळा चुकूनही सोडलं नाहीस’ ही शाबासकी मुलाला पुढच्या उदाहरणाकडे नेते.

आता बोलण्याने काय होत नाही, तेही सांगतो. सातवीत येऊन भागाकार कच्चा असेल, तर घरच्या गप्पांनी तो पक्का होत नाही. त्यासाठी कुणीतरी बसून शिकवावंच लागतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलाची बुडालेली शाळा बोलून भरून निघत नाही. शिक्षकाची रिकामी जागा आईबाप भरू शकत नाहीत. शिवाय हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. ज्याला गणित येतं, त्याच्याशी घरचे गणिताचं बोलतात. ज्याला येत नाही, त्याला फक्त बोलतात. म्हणून कच्च्या मुलाशी बोलणं आधी सुरू करावं लागतं, गुण मागून येतात.

त्याआधी एक खूण दिसते. मूल स्वतःहून विचारू लागतं : ‘हे असंच का?’, ‘दुसऱ्या रीतीने येईल का?’ ती दिसली तर चाललंय ते चालू ठेवा. दोन परीक्षा होऊनही दिसली नाही, तर शाळेत या, मुलाला सोबत घेऊन या. वही उघडून त्यालाच बोलू द्या. आपण दोघांनी मधे बोलायचं नाही. मागचं काय सुटलं आहे, ते त्याच्या बोलण्यातून दहा मिनिटांत कळतं.